पक्षाचा नेता की पक्षाचा धनी?

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील मोठे गाव. वारणानगर त्याच्या इतके निकट आहे की, गावाची वस्ती कोठे संपली आणि कारखान्याची कोठे सुरू झाली, हे नवख्या माणसास कोणीतरी सांगावे लागते. या गावाच्या बाजारपेठेत उभे राहून एखाद्या जाणत्या गृहस्थास ‘आपला पक्ष कोणता?’ असे विचारावे. उत्तरात पक्षाचे नाव क्वचितच येते. ‘आम्ही सावकरांचे’, किंवा ‘आम्ही त्यांच्या विरोधातले’, एवढे सांगून तो थांबतो आणि ऐकणाऱ्यासही तेवढे पुरते. सावकर म्हणजे श्री. विनय कोरे. हे कोडोलीचेच वैशिष्ट्य आहे असे मात्र कोणी समजू नये. कागलात जा, करवीरात जा, शिरोळात जा. माणूस आपल्या गटाचे नाव आधी सांगतो आणि त्या गटाचा सध्याचा पक्ष कोणता, हे थोडे आठवून सांगतो.

अग्रलेखाची जागा आतल्या पानावरची. तो आज पहिल्या पानावर येत आहे, कारण गट आणि पक्ष यांतील हा भेद आता केवळ गावच्या पारावरील चर्चेचा विषय राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील दोन मोठे पक्ष दुभंगले. त्यांची नावे, निशाण्या आणि कचेऱ्या यांचे वाद निवडणूक आयोगापुढे, विधानसभेच्या अध्यक्षांपुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ‘पक्ष कोणाचा?’ हा एकच प्रश्न सर्वत्र विचारला गेला. ‘पक्षाचे नेतृत्व करण्यास पात्र कोण?’ हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही. तो विचारण्याचे काम न्यायालयाचे नव्हे, आयोगाचेही नव्हे. ते नागरिकांचे आणि वृत्तपत्रांचे आहे. म्हणून तो आज आम्ही विचारीत आहोत आणि त्यासाठी उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले घेत आहोत. दूरच्या पुढाऱ्याची पारख करणे सोपे असते; ज्याच्या गावावरून आपली एस. टी. जाते, त्याची पारख करतानाच आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा होते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. श्री. कोरे यांनी स्थापन केलेल्या जनसुराज्य शक्ती पक्षाने २००४ सालच्या विधानसभा निवडणुकीत चार जागा जिंकल्या. ऊसपट्ट्यातील एका तरुणाने स्वतःचा पक्ष काढावा आणि पहिल्याच मोठ्या झुंजीत चार आमदार निवडून आणावेत, ही गोष्ट त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राच्या नजरेत भरली. २८८ जणांच्या सभागृहात चार ही संख्या लहान खरी. पण कोणासही स्वबळावर बहुमत नसलेल्या त्या विधानसभेत तिला वजन होते. श्री. कोरे काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या आघाडी सरकारात मंत्री झाले. २००९ साली चाराचे दोन झाले. मतदारसंघांच्या फेररचनेत जुना पन्हाळा मतदारसंघ नाहीसा झाल्याने त्या वर्षापासून त्यांना शाहूवाडीतून लढावे लागले. २०१४ साली तेथे श्री. सत्यजित पाटील-सरूडकर यांच्याकडून त्यांचा अवघ्या ३८८ मतांनी पराभव झाला आणि पक्षाची पाटी कोरी झाली. २०१९ साली ते पुन्हा विजयी झाले, आणि त्यांनी भारतीय जनता पक्षास पाठिंबा दिला. २०२४ साली त्यांचा पक्ष महायुतीत होता; त्याने शाहूवाडी आणि हातकणंगले अशा दोन जागा जिंकल्या. चार, दोन, शून्य, एक, दोन: वीस वर्षांतील पाच निवडणुकांचा हा हिशेब आहे.

या आकड्यांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. चाहते म्हणतात, मोठमोठ्या पक्षांच्या तडाख्यात लहान पक्ष पार नाहीसे झाले, हा टिकला. ३८८ मतांनी हरलेला माणूस दुसऱ्याच्या दारी गेला नाही, आपलाच झेंडा घेऊन पाच वर्षे थांबला आणि परत निवडून आला, हे काय थोडे झाले? टीकाकार म्हणतात, वीस वर्षांनंतरही जो पक्ष वारणेच्या दोन्ही काठांपलीकडे फारसा पोचला नाही, तो पक्ष नव्हे, गटच होय. आमच्या मते दोघांचेही म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे; परंतु दोघेही मोजपट्टी चुकीची वापरीत आहेत. जागांची संख्या हे निवडणूक जिंकण्याच्या कौशल्याचे माप आहे. पक्षाचे नेतृत्व ही निराळी विद्या आहे.

गट एका माणसाभोवती जमतो. त्याचे काम अडलेल्याचे अडलेले सोडवावे, उसाची तोड वेळेवर यावी, मुलाला कोठेतरी चिकटवून द्यावे, दवाखान्यात ओळखीचे दोन शब्द टाकावेत, अशा गोष्टींतून बांधले जाते. ही कामे तुच्छ नव्हेत. गरिबाच्या घरी त्यांचे मोल मोठे असते. पण गटात हिशेब दोघांचाच असतो, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. पक्षात तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे विचार. त्यामागोमाग घटना येते, सभासदांची यादी येते, ठराव येतो, मतदान येते आणि ठराव मोडणाऱ्यास, मग तो कितीही मोठा असो, जाब विचारण्याचा अधिकार येतो. गटाला धनी चालतो. पक्षाला नेता लागतो. आपल्याकडे अनर्थ होतो तो या दोन पदांची अदलाबदल झाल्यामुळे.

नेतृत्वाची पात्रता म्हणून आपल्याकडे चार गोष्टींचा उल्लेख नेहमी केला जातो: संस्था उभारण्याची कर्तबगारी, गर्दी खेचण्याची शक्ती, निष्कलंक चारित्र्य आणि आमदारांचे संख्याबळ. या चारही गोष्टी महाराष्ट्राने जवळून पाहिल्या आहेत. त्या एकेक तपासून पाहू.

संस्थांची कर्तबगारी पाहावयाची तर वारणेइतके चांगले स्थळ नाही. विश्वनाथ अण्णा तथा तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर सहकारी साखर कारखाना उभा केला, १९६४ साली महाविद्यालय काढले, १९६८ साली दूध संघ उभारला आणि शेतकऱ्यांच्या पोरांच्या हातांत वाद्ये देऊन बालवाद्यवृंद घडविला. १९९४ साली ते गेले तेव्हा त्यांच्या मागे या परिसरात एक जगच उभे होते. १९९८ साली सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रयोग करावयाचा म्हणून सरकारने जागा शोधली, तेव्हा निवड वारणेची झाली; ती या पायाभरणीमुळेच. नातू म्हणून श्री. कोरे यांच्या वाट्यास हा वारसा आला आणि त्यांनी तो सांभाळला. परंतु कारखाना चालविणे आणि पक्ष चालविणे यांत एक मूलभूत अंतर आहे. कारखान्याचा सभासद ऊस घालतो, भाव घेतो. त्याचे हित आणि संस्थेचे हित वजनकाट्यावर मोजता येते. पक्षाचा सभासद घालतो तो वेळ आणि विश्वास. त्याचा भाव कोणत्याही काट्यावर ठरत नाही. त्याला मिळावयाचे असते ते एकच, ते म्हणजे निर्णयातील वाटा. कारखान्याच्या अध्यक्षाने शिस्तीने कारभार केला म्हणजे सभासद समाधानी होतो; पक्षाच्या अध्यक्षाने नुसती शिस्त ठेवली, तर सभासदाचा नोकर होतो. शिवाय एकाच घराच्या हाती संस्थाही आणि पक्षही असला, म्हणजे पक्षात विरोध करू पाहणाऱ्याच्या मनात आपल्या उसाचा विचार आल्याखेरीज राहत नाही. कोणी धमकी द्यावी लागते असे नाही. तो विचार मनात येणे एवढेच पुरेसे असते.

गर्दीचे उदाहरण शरद जोशी यांचे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतमालाच्या भावाचा प्रश्न त्यांनी अशा तऱ्हेने मांडला की, शिकलेल्या शहरी माणसालाही आपल्या ताटातील भाकरीचा हिशेब नव्याने करावा लागला. त्यांच्या सभांना लाखांनी माणसे आली. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, आणि मैदानावर दिसलेली ती माणसे मतपेटीत दिसली नाहीत. २०१५ साली ते निवर्तले. त्यांचा विचार उरला, पक्ष नावापुरता राहिला. त्यांच्याच संघटनेतून श्री. राजू शेट्टी आमच्या जिल्ह्यात बाहेर पडले, आणि २००९ व २०१४ साली हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले. पुढे त्यांच्याही संघटनेतून श्री. सदाभाऊ खोत निराळे झाले. आंदोलनात नेता पुढे चालतो, लोक मागे येतात. पक्षात मात्र कित्येकदा नेत्यालाच लोकांबरोबर थांबावे लागते, आणि ते थांबणे आंदोलकाच्या रक्तात नसते.

चारित्र्याची कथा अधिक चटका लावणारी आहे. शेतकरी कामगार पक्षाने महाराष्ट्राला जी माणसे दिली, त्यांच्या तोडीची माणसे आजच्या कोणत्या पक्षाजवळ आहेत? गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर गेले आणि अखेरपर्यंत त्यांच्या राहणीत फरक पडला नाही. प्राध्यापक एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले, पक्षाचे सरचिटणीस राहिले, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावरही कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात रस्त्यावर उतरले. २०२१ साली गणपतराव गेले, २०२२ च्या जानेवारीत एन. डी. गेले, दोघांच्याही निधनाने विरोधकही हळहळले. पण त्यांच्या पक्षाचे काय झाले? १९७८ साली विधानसभेत त्याचे तेरा आमदार होते. २०२४ साली एक निवडून आला, तो सांगोल्यातूनच, आणि तो गणपतरावांचा नातू. त्या तरुणास आमच्या शुभेच्छा आहेत. परंतु मार्क्सवादाचा विचार घेऊन निघालेला, १९५० साली दाभाडीस आपला प्रबंध मांडणारा पक्षदेखील अखेर एका घराच्या पुण्याईवर उभा राहावा, यात चारित्र्याची मर्यादा दिसून येते. निर्मळ माणसाकडे पाहून लोक त्याला मत देतात. त्याच्यासारखे दुसरे दहा तयार करण्याची कला मात्र निर्मळपणात आपोआप येत नाही.

राहता राहिले संख्याबळ. जून २०२२ मध्ये श्री. एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेचे आमदार बाहेर पडले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिले. आयोगाचा तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सादिक अली खटल्यात ज्या कसोट्या मान्य केल्या, त्यांत पक्षाचे ध्येय, पक्षाची घटना आणि बहुमत यांचा विचार होता. शिवसेनेच्या बाबतीत आयोग म्हणाला की, या पक्षाच्या घटनेत नेमणुकांची सारी सूत्रे अध्यक्षाच्या हाती आहेत, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. तेव्हा आमदार-खासदारांची संख्या मोजावी. पंचावन्नांपैकी चाळीस आमदार एका बाजूस निघाले, आणि निकाल लागला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही आमदारांच्याच संख्येवर निकाल झाला. मध्यंतरी ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे. तत्त्व उत्तम. पण तो राजकीय पक्ष म्हणजे कोण, हे कशावरून ठरवावयाचे? शाखेत खुर्च्या मांडणारा, भिंती रंगविणारा, मतदानाच्या दिवशी उपाशीपोटी यादी घेऊन बसणारा जो सामान्य सभासद, त्याचे मत या साऱ्या निवाड्यांत कोठेही मोजले गेले नाही. कारण मोजण्याजोगे ते कोणी नोंदवूनच ठेवले नव्हते.

राष्ट्रवादी काँग्रेसची हकीकत तर नेतृत्वाच्या दृष्टीने याहून बोलकी आहे. २ मे २०२३ रोजी श्री. शरद पवार यांनी पक्षाध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. पक्ष स्थापन होऊन चोवीस वर्षे होत आली होती. उत्तराधिकारी ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीने ५ मे रोजी राजीनामाच नामंजूर केला, आणि श्री. पवार यांनी तो मागे घेतला. दोन महिन्यांच्या आत, २ जुलै रोजी, अजित पवार आठ सहकाऱ्यांसह सरकारात गेले आणि पक्ष दुभंगला. श्री. पवार यांची बुद्धी, त्यांचा व्यासंग, माणसे ओळखण्याची त्यांची हातोटी यांविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु ज्या पक्षाला चोवीस वर्षांत दुसरा अध्यक्ष निवडण्याची वेळच आली नाही, त्याला ती वेळ आल्यावर निवड कशी करावी हे कळले नाही, हेही तितकेच खरे आहे. कधीही न लिहिलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिका द्यावी, तसा हा प्रकार झाला.

मग पात्रतेची कसोटी कोणती? आमच्या मते ती अगदी साधी आहे. ज्याच्या पक्षात त्याला ‘नाही’ म्हणता येते, आणि ‘नाही’ म्हणणारा दुसऱ्या दिवशीही पक्षात मानाने राहू शकतो, तो पक्षाचे नेतृत्व करण्यास पात्र होय. इतर सारे गुण या एका गुणाखाली येतात. नकार ऐकणारा नेता चांगली माणसे जवळ ठेवू शकतो, कारण चांगल्या माणसांस मत असते. चांगली माणसे टिकली, म्हणजे दुसरी फळी तयार होते. दुसरी फळी तयार झाली, म्हणजे नेता नसेल तेथेही पक्ष असतो. आणि नेता नसेल तेथे जो असतो, त्यालाच पक्ष म्हणावयाचे.

ही कसोटी पुस्तकातली आहे असे कोणास वाटेल. तर महाराष्ट्राच्याच इतिहासाकडे पाहावे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. एकमेकांची तोंडे न पाहणारी ही माणसे चार वर्षे एका मांडवाखाली राहिली. याचे श्रेय सरचिटणीस एस. एम. जोशी यांच्याकडे जाते. एस. एम. यांच्याजवळ ना कारखाना होता, ना आमदारांचा ताफा. डांगे आणि अत्रे यांच्यापुढे वक्तृत्वाचा आव आणण्याचेही त्यांस कारण नव्हते. त्यांच्याजवळ एवढेच होते की, त्यांच्यासमोर बसून त्यांच्याविरुद्ध बोलण्याची कोणास भीती वाटत नव्हती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीस जे यश दिले, त्यात आमच्या कोल्हापूरचा वाटा मोठा होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, उद्दिष्ट संपले आणि समितीही विस्कटली. ते त्यांचे अपयश म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. समिती एका कार्यासाठी होती आणि ते कार्य तिने केले. तिच्यावर कोणाची मालकी नव्हती, म्हणून तिच्या वाटणीसाठी कोणास न्यायालयात जावे लागले नाही.

समोरच्या बाजूस यशवंतराव चव्हाण होते. समितीशी झुंजतानाही विरोधकांतील कर्तबगार माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नसे. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि त्यांच्या जाण्याने राज्यातील पक्ष कोसळला नाही. कन्नमवार आले; त्यांच्या निधनानंतर १९६३ च्या डिसेंबरात वसंतराव नाईक आले आणि अकरा वर्षांवर राहिले. यशवंतरावांचेही उत्तरायुष्य राजकीय एकाकीपणात गेले, हे आम्ही विसरत नाही. पण आपल्यामागे कारभार चालवू शकतील अशी माणसे त्यांनी तयार केली होती. बाहेरच्या जगाकडे पाहिले तर ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी १९७९, १९८३ आणि १९८७ अशा लागोपाठ तीन निवडणुका जिंकून दिल्या. १९९० च्या नोव्हेंबरात त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी त्यांना पायउतार होण्यास भाग पाडले. त्यांच्या धोरणांविषयी काहीही मत असो. पक्ष नेत्याहून मोठा असतो म्हणजे काय, हे त्या दिवशी दिसले. १९९२ साली तोच पक्ष नव्या नेत्याखाली पुन्हा निवडणूक जिंकला.

आता ही कसोटी कोडोलीस लावू. श्री. कोरे यांच्या बाजूस दोन गोष्टी स्पष्टपणे जमा धरल्या पाहिजेत. पराभवात त्यांनी आपला पक्ष मोडून दुसऱ्याच्या गोदामात टाकला नाही; आजच्या काळात हा गुण दुर्मिळ झाला आहे. आणि हातकणंगल्यासारख्या राखीव मतदारसंघात, आपल्या घरापासून दूर, त्यांनी दुसऱ्या माणसास निवडून आणले. केवळ स्वतःपुरते पाहणाऱ्यास हे साधत नाही. पण खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. २००४ साली हा पक्ष काँग्रेस आघाडीबरोबर सत्तेत गेला, २०१९ साली त्याने भारतीय जनता पक्षास पाठिंबा दिला, २०२४ साली तो महायुतीतून लढला. मित्र बदलणे हा राजकारणात गुन्हा नव्हे. त्याला सबळ कारणेही असू शकतात. आमचा प्रश्न निराळा आहे. ही वळणे घेताना त्या त्या वेळी पक्षाच्या सामान्य सभासदांपुढे कोणता विचार मांडला गेला, कोणी विरोधात बोलले काय, आणि मते कशी पडली? कोडोलीतील शिकल्यासवरल्या मतदारास जर याचे उत्तर देता येत नसेल, तर पक्षाच्या कागदावर पदांची नावे कोणाचीही असोत, निर्णय एकाच ठिकाणी होतो असा समज लोकांनी करून घेतला तर त्यांस दोष देता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, लहान पक्षाकडून एवढी अपेक्षा करणे अन्याय आहे. मोठमोठ्या पक्षांतदेखील अध्यक्षाची निवड म्हणजे आधी ठरलेल्या नावास टाळ्या वाजविणे असते. हा आक्षेप खरा आहे, आणि आमचा दोषारोप एकट्या श्री. कोरे यांच्यावर नाहीच. परंतु आमच्या मते या बाबतीत लहान पक्षालाच अधिक संधी आहे. त्याची सभासदसंख्या हाताच्या आवाक्यात असते. तालुक्यातालुक्यांतून सभा घेऊन गुप्त मतदानाने पदाधिकारी निवडावयाचे म्हटले तर त्यास फार मोठा खर्च येत नाही. ज्या वारणा परिसराने सहकारात सभासदाच्या नोंदी ठेवण्याचा, सर्वसाधारण सभा भरविण्याचा आणि हिशेब तपासून घेण्याचा सराव सत्तर वर्षे केला, त्याला हे अवघड का जावे? जो नियम साखरेच्या पोत्याला लागू आहे, तो पक्षाच्या ठरावाला लावण्याची इच्छा तेवढी हवी.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, मतदार माणूस पाहून मत देतो, घटना वाचून नव्हे. रस्ता झाला, पाणी आले, म्हणजे त्याचे काम झाले. एका मतदारसंघापुरते हे ठीक आहे. पण १९८५ सालापासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा आमदार आपले सदस्यत्व गमावू शकतो. म्हणजे आपण निवडलेला माणूस सभागृहात हात वर करतो तो पक्षाच्या आज्ञेने. अशा स्थितीत त्या पक्षात आज्ञा कोण आणि कशी देतो, हा पक्षाचा घरगुती मामला राहत नाही. तो प्रत्येक मतदाराच्या मताचा प्रश्न होतो. पक्षाच्या आत मतभेदाला जागा नसेल आणि सभागृहात तो कायद्याने बंद असेल, तर लोकशाहीत मतभेद करावयाचा तरी कोठे?

कायद्याचीही येथे जबाबदारी आहे. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांस धरून असली पाहिजे, असे स्पष्ट कलम आहे. एका माणसाच्या पक्षाने देशाचे काय होते, हे त्या राष्ट्राने भोगले होते. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९ सालच्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली, आणि याबाबत सर्व पक्षांचे कधी नव्हे ते एकमत दिसले. कायदा होईल तेव्हा होवो. तोवर वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नेत्याची शाळा जेथे भरते, त्या जागा तरी चालू राहिल्या पाहिजेत. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासक बसले, आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या काळात पंचविशीतील जो तरुण पंचायत समितीत पहिला प्रश्न विचारावयाचा, तो पुढाऱ्याच्या गाडीमागे धावण्यातच तरबेज झाला. दुसरी फळी अशी मारली जाते, आणि मग आम्ही विचारतो की नेत्याच्या घराबाहेरचा उमेदवार का मिळत नाही!

आमचा निर्णय असा आहे. श्री. विनय कोरे हे एका मोठ्या परिसराचे नेतृत्व करण्यास पात्र आहेत, हे मतदारांनी त्यांस पुनःपुन्हा निवडून सिद्ध केले आहे, आणि त्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. पक्षाचे नेतृत्व करण्याची पात्रता त्यांनी अद्याप सिद्ध केलेली नाही; परंतु ती गमावलेलीही नाही. वीस वर्षे टिकवून धरलेला पक्ष त्यांच्या हाती आहे. ज्या दिवशी या पक्षाच्या सभेत कोडोलीचा एखादा साधा कार्यकर्ता उठून ‘सावकर, या वेळी तुमचे चुकते आहे’ असे म्हणेल, त्याचा ठराव मताला टाकला जाईल, तो मंजूर झाल्यास अध्यक्ष तो मानतील, आणि दुसऱ्या दिवशी त्या कार्यकर्त्याचा ऊस नेहमीच्या पाळीप्रमाणे काट्यावर जाईल, त्या दिवशी जनसुराज्य हा गट न राहता पक्ष होईल आणि त्याचा धनी न राहता नेता होईल. त्या पक्षास त्या दिवशी किती जागा असतील, याची आम्हांस फिकीर नाही.

हीच कसोटी आम्ही जिल्ह्यातील आणि राज्यातील प्रत्येक पुढाऱ्यास लावू इच्छितो, मग त्याच्या पाठीशी दोन आमदार असोत की दोनशे. वाचकांनीही ती लावावी. पुढचा उमेदवार मत मागण्यास दाराशी येईल तेव्हा त्यास रस्त्याविषयी विचारा, पाण्याविषयी विचारा. आणि त्यानंतर हेही विचारा की, आपल्या पक्षात आपण नेत्याला अखेरचे ‘नाही’ कधी म्हणालात? तो हसून विषय बदलील, तर आपल्याला उत्तर मिळाले असे समजावे.